अमरसिंहाचं घर

"आग लागू दे तुझ्या चौकशीला!" म्हणत उत्तरेश्वरानं भट्टीत पऱ्हाटीची मोळी कोंबली, अन् सगळा धूर छबुबाईच्या तोंडावर आला. "दसरा-दिवाळीचा समदा खवा एकच गिऱ्हाईक उचलतंय. बीडात मिठाईचं दुकान हाय त्या अमरसिंहाचं. मोठ्या घरचं पोरगं. अन् तुला इश्वास न्हाई!"

कढईत दूध दाटत आलं होतं. छबुबाईच्या हातातलं उलथनं थांबत नव्हतं. थांबलं की बुडाला लागतं.

"खवा आज न्यायचा अन् पैसे दिवाळी झाल्यावर द्यायचे. मधी दूध घालनाऱ्या बायांना काय सांगू?"

"थांबा म्हनायचं. मी सांगतो."

"तुमचं ऐकून म्हस तरी थांबती का?"

दुधाच्या किटल्या घासत बसलेली मनिषा फिस्सकन हसली. मनिषा म्हणजे उत्तरेश्वराच्या वारलेल्या भावाची पोरगी. बाप गेल्यापासून ती काकूच्या पदराखालीच वाढली होती, अन् आता भट्टीचा निम्मा भार तिच्या अंगावर होता.

छबुबाईच्या भट्टीवर उमापुरातल्या गल्लीभरच्या बाया दूध घालायच्या. त्या दुधावर कुणाचा किराणा भरायचा, कुणाच्या पोराची फी. खवा बुडाला तर छबुबाईला त्या बायांच्या दारावरून मान वर करून जाता आलं नसतं. उत्तरेश्वराला ते कळत नव्हतं असं नाही. पण पांढऱ्या गाडीतून उतरलेल्या माणसानं त्याला 'काका' म्हटलं होतं, अन् तेवढ्यानंच गडी विरघळला होता.

दुसऱ्या दिवशी देवाला पाणी घालून छबुबाईनं एसटी धरली. बीडातलं दुकान बघायला ती गेलीच नाही. दुकान काय, दाखवायलाच मांडलेलं असतं. माणूस बघावा तो त्याच्या गावात. अमरसिंहाचं गाव पाली. बीडात उतरून ती सरळ तिकडच्या रिक्षात बसली.

गावात शिरताच रामप्रसादाचं किराणा दुकान लागलं. तिनं साखर घेतली अन् हळूच विचारलं, "भाऊ, अमरसिंहाचं घर कसं हाय वो?"

परगावची बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी, अन् बिनलग्नाच्या पोराच्या घराची चौकशी करतीय. रामप्रसादाला काय ते लगेच उमगलं. त्यानं स्टूल पुढं सरकवलं.

"बसा मावशी. लाखात एक घर! एकुलतं एक पोरगं, धरनाच्या पान्यावर बागायत, वर बीडात दुकान. सुपारीचं खांडबी खात न्हाई. बिनघोर करा."

खोटं बोलायचं नाही, हा छबुबाईचा रोजचा नेम. पण समोरचा आपल्याच मनानं काही समजून बसला, तर त्याला जागं करायचा नेम तिनं केलेला नव्हता. ती गप बसली.

पुढं ओसरीवर साखराबाई तूर पाखडत बसली होती. अमरसिंहाची ती भिंतीला भिंत शेजारीण. तिनं तर सूप खाली ठेवलं अन् छबुबाईचा हात धरला. "पोरीचं नशीब उघडलं म्हना! सासू गाय हाय गाय. अन् पोरगं? आजवर आवाज चढलेला आयकला न्हाई."

गावात आणखी दोन दारांत तेच गोड बोल. ऐकून ऐकून छबुबाईचं मन डळमळलं. उगं आळ घेतला की काय पोरावर? तरी परतताना ती रामप्रसादापुढं पुन्हा थांबली.

"भाऊ, पोरगी द्यायची न्हाई मला. माझी खव्याची भट्टी हाय. दिवाळीपोतर उधार खवा मागतोय त्यो. देऊ का?"

रामप्रसादाच्या हातातलं माप तसंच अधांतरी राहिलं. तो गल्ल्यावरून उठून बाहेर आला, रस्त्यावर इकडं-तिकडं बघितलं अन् आवाज उतरवला.

"खवा? उधार? याड लागलं का मावशी? मी त्याला काडीपेटीबी रोखीनं देतो. साखरवाल्याला बुडीवलं, तुपवाल्याला बुडीवलं. बीडातल्या दुकानाचं भाडं थकलंय. दिस मावळला की पितंय, मग आईवरबी हात उचलतंय."

"अन् मगाशी तर सुपारीबी खात न्हाई म्हनलात?"

"मगाशी तुमी सोयरीक घेऊन आलता. जुळत्या लग्नात मोडता घालू ने मावशी, पाप लागतं."

"अन् खव्यात?"

"खव्यात मानूस बुडतं की वो!" रामप्रसाद अगदी कळवळून म्हणाला.

छबुबाईनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. कपाळाला अष्टगंध, गळ्यात माळ. आपल्याही गळ्यात तशीच माळ आहे, याची तिला त्या घडीला लाज वाटली. साखरेची पुडी तिनं त्याच्या फळीवर परत ठेवली अन् रिक्षाकडं वळली.

घरी येऊन तिनं ऐकलं ते सगळं नवऱ्याला सांगितलं. तो नुसता तंबाखू मळत राहिला.

सकाळी पांढरी गाडी दारात आली. गॉगल कपाळावर चढवून अमरसिंह उतरला. "काकू, भरा डबे."

"रोख असंल तर भरते."

"माझ्या शब्दावर बीडचा बाजार चालतोय काकू. पालीत कुनालाबी इचारा."

"इचारलं. पोरगी द्याया समदं गाव तयार हाय. खवा द्याया कुनी न्हाई."

अमरसिंहाचं हसू ओठावरच वाळलं. उत्तरेश्वराकडं वळून तो म्हणाला, "काका, तुमच्यात बाईचंच चालतं व्हय?" अन् त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला गाडीपाशी घेऊन गेला. तिथं दोघांचं बराच वेळ काहीतरी चाललं. मग गाडी धुरळा उडवीत गेली. खवा मात्र जागचा हलला नाही. गेवराईच्या रोजच्या गिऱ्हाइकानं दुपारी येऊन तो रोखीनं उचलला.

सांजच्याला उत्तरेश्वर भट्टीपाशी येऊन बसला. आवाज लई मऊ.

"खव्याचं तू केलंस ते बराबर हाय. बुडालोच असतो आपुन."

छबुबाईचं उलथनं कढईत फिरतच होतं.

"त्यो सकाळी गाडीपाशी मनिषाचं इचारीत व्हता. हुंडा नको म्हनला, लगीन बी त्योच लावून देनार. बागायत हाय. असं घर पुन्हा..."

मनिषाच्या हातातली किटली दगडावर आपटली.

छबुबाईनं कढईखालचं जळण ओढून बाजूला केलं अन् पहिल्यांदाच उलथनं खाली ठेवलं. "समदं आयकूनबी म्हनताव?"

"लगीन झाल्यावर सुधरत्यात पोरं. अन् मी काय पक्कं केलंय का? नुसतं तुला इचारलं."

"कावून इचारलं?" तिचा आवाज होता तसाच हळू होता. "पालीची मानसं परकी व्हती. त्यांनी एका बिनवळखीच्या पोरीला ढकलून दिलं. तुमी तर हिचे चुलते हाव."

उत्तरेश्वरानं मनिषाकडं बघायला मान वळवली, पण त्याला बघवलं नाही. धार काढायची वेळ अजून झाली नव्हती, तरी बादली उचलून तो गोठ्याकडं निघून गेला.