पाळी एक, पाणी दोन

मित्रांनो, मी एक जुनी मोट आहे. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची कातड्याची मोठी पिशवी. बैल दोर ओढत, मी भरून वर येई आणि पाटात रिकामी होई. याहून अधिक सांगण्याजोगे माझ्याजवळ आहे की नाही, मला ठाऊक नाही.

चिंचवडजवळची आमची विहीर दौलतराव आणि भैरू या चुलत भावांची. पाणी पाळीने घ्यायचे, एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. ही पाळी आजोबांनी लावून दिलेली. वाटणीत भैरूला काळी जमीन मिळाली, दौलतरावांना मुंबई रस्त्याकडेचा मुरूम. लोक भैरूला नशीबवान म्हणत. मोटा शिवणाऱ्या ज्योतीरामाने मला नवा तळ शिवून दिला, तेव्हा त्याने माझेही कौतुक केले होते.

मग रस्त्याकडेला कारखाना आला. मुरमाला मोल आले आणि त्या पैशातून दौलतरावांच्या पाळीला विहिरीवर तेलाचे इंजिन बसले. भैरूच्या पाळीला मीच राहिले.

त्या वर्षी भैरूचा गहू ओंबीत आला होता. आणखी दोनदा पाणी मिळाले असते, तर वर्षाची भाकर होती. पण इंजिन आदल्या दिवशी विहीर तळाला नेई. सकाळी मी उतरले की निम्मा चिखल घेऊन वर येई.

"दादांच्या मळ्यात कोबी, अन् आमच्या पाटात बेडकं," भैरूची बायको अंबुबाई म्हणाली.

भैरू दौलतरावांकडे गेला. "दादा, इंजिन दुपारी बंद करा. गहू जातोय."

"तुजा दिस मी कवा घेतला का?"

"न्हाई."

"मग? आजाची पाळी हाय. ती मोडू व्हय मी?"

भैरू गावच्या पंचांकडे गेला. त्यांनी दोघांचे दिवस मोजले, ते सारखे भरले, आणि पंच उठले. पाळी खरोखरच मोडली नव्हती.

गहू वाळला. अंबुबाईने तो कापून बैलांपुढे टाकला. पुढे बैलही विकले गेले आणि मी खुंटीवर सुकत राहिले.

मित्रांनो, मला तेल लावा असे मी म्हणत नाही. माझे दिवस संपले. पण वाटणी करताना दिवस सारखे झाले म्हणून उठू नका. शेवटच्या वाफ्यात ओल पोचली का, ते वाकून पाहा.

दौलतराव वाईट नव्हते. त्यांनी भैरूकडे दोन पोती गहू पाठवला, इंजिनावर कामही दिले. भैरूने दोन्ही घेतले. त्या दिवसापासून तो त्यांना मालक म्हणू लागला.