डोक्यामागचा आरसा

मी केस कापायच्या दुकानातला हातआरसा. भिंतीवरच्या मोठ्या आरशांचं बरं आहे, त्यांना तोंडं बघायची. माझ्या वाट्याला माणसाची मागची बाजू आली. पंचवीस वर्षं मानगुटी बघतोय. पुढून कितीही ऐट करा, मागून सगळे सारखेच बिचारे दिसता.

माझा मालक अण्णा. हात हलका, तोंड फटकळ. केस कापून झाले की मानेवरचे केस झटकतो आणि मला गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरतो. गिऱ्हाईक बघतं, मान हलवतं. कळत कुणाला काही नाही, पण मान सगळे हलवतात.

समोरच्या बेकरीतला भट्टीवाला दर महिन्याला यायचा. एकदा त्याच्या डोक्यावर अण्णाची कात्री मध्येच थांबली. मागे नाण्याएवढा गोल चट्टा. गुळगुळीत, केस नाही, खपली नाही. चाई. अण्णाने आजूबाजूचे केस त्यावर ओढले आणि मला असा तिरका धरला, की भट्टीवाल्याला नुसता कान दिसला. त्याने मान हलवली. अण्णाला वाटलं, कशाला बिचाऱ्याला घोर लावायचा, येतील आपोआप. असे चार महिने मी खोटं बोललो. आरशाच्या जातीला हे शोभत नाही.

तोवर एकाचे तीन झाले. भट्टीवाल्याने घाम पुसायला टोपी काढली आणि त्याला ते कळलं बेकरीच्या शेठच्या तोंडून, तेही भर गिऱ्हाइकांसमोर. डोक्याला कसली कीड लागलीये म्हणाला, उद्यापासून पिठाला हात लावायचा नाही. अठरा वर्षं पहाटे उठून भट्टी पेटवणारा माणूस तो.

तो तडक आमच्याकडे आला.

"अण्णा, तुला दिसत होतं?"

अण्णा मला पुसत राहिला. "दिसत होतं."

"मग?"

"माझी अक्कल शेण खायला गेली होती."

एवढं बोलून अण्णाने भर कामाच्या दिवशी दुकान बंद केलं, मला पिशवीत घातलं आणि त्याला घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरीणबाईंनी मला सरळ धरलं आणि भट्टीवाल्याला एकेक चट्टा दाखवला. मग समजावलं. ही कीड नाही, कुणाला लागत नाही. अंगाची राखण करणारी फौजच चुकते आणि आपल्याच केसांच्या मुळांवर धावून जाते. मुळं मरत नाहीत, दबून राहतात. चट्ट्यांत बारीक सुया द्यायच्या, दर पाच-सहा आठवड्यांनी. केस बहुतेक येतील, पण हमी नाही. आलेले पुन्हा जाऊही शकतात. अण्णाने विचारलं, कांदा चोळला तर? बाई म्हणाल्या, कांदा खायला ठेवा.

त्यांनी शेठसाठी चिठ्ठी दिली. शेठने ती वाचून खिशात कोंबली. डॉक्टर काय, काहीही लिहितात म्हणे.

पण शेठला दर शनिवारी दाढी लागते. त्या शनिवारी तो आला तेव्हा बाक भरलेला, आणि खुर्चीत भट्टीवाला. अण्णाने त्याच्या तिन्ही चट्ट्यांवरून सावकाश कंगवा फिरवला. मग तोच कंगवा सगळ्यांसमोर स्वतःच्या केसांतून फिरवला. दोनदा.

"शेठ, आता तुमच्या गालाला हात लावू की नको?"

बाकावरचे सगळे शेठकडे बघत होते. शेठ जमिनीवरच्या केसांकडे बघून म्हणाला, "सोमवारपासून ये. टोपी घालून."

"टोपी तो अठरा वर्षं घालतोय," अण्णा म्हणाला. "तुम्ही कधी घालता?"

बाक हसला. अण्णाने कंगवा औषधाच्या पाण्यात टाकला. चाई लागत नाही, पण धुवायची रीत ती रीत.

मी खूप डोकी पाहिली. त्या दिवशी अण्णाचं पिकलेलं, विस्कटलेलं डोकं मला सगळ्यांत देखणं वाटलं.

पुढे दोन चट्टे भरले. आधी पांढरी लव आली, मग काळे केस. तिसरा अजून अडून बसलाय, आणि परवा कानामागे नवा निघाला. आता माझा पारा उडालाय, कोपरा फुटलाय. अण्णाने नवा आरसा आणलाय, पण भट्टीवाला मलाच मागतो. खुर्चीत बसतानाच म्हणतो, "सरळ धर."

अण्णा धरतो. भट्टीवाला बघतो, नीट बघतो, आणि मगच मान हलवतो.

तुमच्या माणसाच्या पाठीमागे त्याला न दिसणारं काही दिसलं, तर त्याच दिवशी सांगा. चार महिने तिरका राहिलो ते मला अजून सलतं. बाकी मोडीत टाकलंत तरी चालेल.