तिकडचं बंद करायचं?

खेळाडूनं चेंडू पांढऱ्या ठिपक्यावर ठेवला, चार पावलं मागं सरकला, गोलरक्षकाकडं रोखून पाहिलं, आणि टीव्ही काळा झाला.

दिवाणखान्यात तीन पुरुष एकदम ओरडले. आजोबांनी काठी आपटली. बाबांच्या मांडीवरची दाण्यांची वाटी कलंडली. दादा तर सोफ्यावर उभाच राहिला, जणू उंचावरून पाहिलं की चेंडू दिसणार होता.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उगवली. ‘सध्या दुसऱ्या उपकरणावर पाहिलं जात आहे. तिकडचं बंद करून इथे पाहायचं?’ खाली दोन चौकटी. हो. नाही.

"परत?" बाबा म्हणाले. "दाब लवकर, हो दाब!"

रिमोट भिंगरीच्या हातात होता. पाळण्यात ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत, कारण ती एका जागी कधी टिकलेली कुणी पाहिली नव्हती. या सामन्यात तिनं दोनदा ‘हो’ दाबलं होतं. दोन्ही वेळा खेळ परत सुरू झाला होता आणि गोलाच्या गडबडीत सगळे ते विसरूनही गेले होते. आता मात्र अंतिम सामना पेनल्टीवर आला होता.

"दादा, फोन दाखव," ती म्हणाली.

"मी कशाला बघेन फोनवर? समोर एवढा मोठा टीव्ही असताना?"

"तुझ्या त्या गाड्यांच्या मालिका कोण बघतं मग?"

"अगं, आत्ता? पेनल्टी चालू असताना? डोकं फिरलंय का माझं?" दादानं फोन तिच्या नाकासमोर धरला. पडदा काळा होता आणि त्यात तिचंच नाक दिसत होतं.

"आमच्या वेळी डबा बंद पडला की एक थोबाडीत द्यायचो," आजोबा म्हणाले. "मुकाट्यानं सुरू व्हायचा. याला मारायचं तरी कुठं? कागदासारखा पातळ."

यातलं प्रत्येक वाक्य भिंगरीला टोचत होतं, कारण केबल बंद करून इंटरनेटवरचं ॲप घेण्याचं खूळ तिचं होतं. ज्या वाहिन्या घरात कुणी उघडूनही पाहत नव्हतं त्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला जात होते. शाळेतल्या वादविवादात पहिली आल्यावर तिनं ठरवलं होतं की आता घरातही बोलायचं. जेवणाच्या टेबलाशी उभी राहून तिनं मुद्दे मांडले, आजोबांचे आक्षेप खोडून काढले, दादाला गाड्यांच्या मालिकांची लालूच दाखवली, आणि बाबा पहिल्यांदाच तिच्याकडं मोठ्या माणसाकडं पाहावं तसं पाहत म्हणाले, "बरं. तुझ्या शब्दावर." फक्त घ्यायचा तो सगळ्यांत स्वस्तातला प्लॅन, अशी त्यांची अट होती. स्वस्तातल्या प्लॅनमध्ये एका वेळी एकच पडदा चालतो, हे तिनं बारीक अक्षरांत वाचलं होतं. पण घरात टीव्ही एकच होता, मग बिघडतंय कुठं?

केबलवाला वायर काढायला आला तेव्हा त्यानं ती काढली नाहीच. गुंडाळी करून खिडकीबाहेरच्या खिळ्याला टांगली. "असू दे इथंच," तो हसत म्हणाला होता. "बोलावणार तर आहातच." त्या दिवसापासून ती काळी गुंडाळी खिडकीतून भिंगरीकडं पाहत होती.

भिंतीपलीकडून आरोळी उठली. शेजाऱ्यांकडं अजून केबल होती.

"झाला! गोल झाला!" दादा डोकं धरून बसला. "कुणाचा पण? थांबा, फोनवर आकडे बघतो."

"खबरदार आकडे सांगितलेस तर," आजोबा गरजले. "मला बघायचंय, ऐकायचं नाही."

"भिंगरे," बाबांचा आवाज एकदम थंड झाला होता, "हे शेवटचं सांगतो. आज परत अडकलं तर उद्या सकाळी केबलवाला इथं हजर असेल. आणि यापुढं घरातले निर्णय मोठी माणसं घेतील."

मोठी माणसं. शब्द कानशिलात बसला. भिंगरीचं बोट ‘हो’वर गेलं आणि तिथंच थबकलं. दादा नाही. बाबांचा फोन टेबलावर पालथा पडलेला. आजोबांच्या फोनला बटणं होती. तिचा स्वतःचा खिशात होता. मग कोण?

"एक मिनिट," ती म्हणाली.

"मिनिट कसलं? दाब आधी!"

पण ती रिमोट घेऊनच आत पळाली होती.

स्वयंपाकघरात दिवा चालू होता आणि कुणी नव्हतं. ओट्यावर चहाचे कप धुऊन उपडे घातले होते. मागच्या गॅलरीत धुण्याचं यंत्र घरघरत होतं. भिंगरीनं दार लोटलं.

यंत्र आणि भिंत यांच्या मधल्या बोळकांडीत, उलट्या बादलीवर आई बसली होती. पायाशी साबणाच्या डब्याला टेकवून तिचा तडा गेलेला फोन उभा केला होता. एका कानात दादानं टाकून दिलेल्या हेडफोनचं एकच चालणारं बोंड. यंत्राचं झाकण उघडं होतं. आत कपडे नव्हते. नुसतंच पाणी गरगरत होतं.

भिंगरीनंच गेल्या आठवड्यात त्या फोनवर ते ॲप टाकलं होतं. "मला कशाला गं?" आई तेव्हा म्हणाली होती, आणि भांडी विसळता विसळता, मागं न वळता विचारलं होतं, "जुने सिनेमे असतात का त्यात?"

"आई, तू आहेस होय? अगं, बंद कर ना! बाहेर मॅच अडकलीये. माझं नाक कापलं जातंय तिकडं."

"श्श." आईनं नजर हलवली नाही. "बसायचं तर बस. नाहीतर जा."

भिंगरी चाटच पडली. तिच्या आईनं आजवर कुणाला ‘जा’ म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. आई म्हणजे टीव्हीच्या खोलीच्या दारात, ओल्या हातांनी, एक पाय आत आणि एक बाहेर. आई म्हणजे "पुढं काय झालं?" मालिकेतला, सिनेमातला, सामन्यातला शेवट तिला नेहमी कुणीतरी जाता जाता सांगत असे. "काही नाही, मेला तो," असं भिंगरीनंही किती वेळा सांगितलं होतं, अभ्यासाच्या वहीतून डोकंही न काढता.

फोनच्या पडद्यावर बोटीचा धक्का होता. जुना सिनेमा, रंग विटलेले. एक बाई हातात लहानशी पेटी घेऊन रांगेत उभी होती आणि सारखी मागं वळून पाहत होती.

"तुझं लग्न झालं तेव्हाचा दिसतोय," भिंगरी हळूच म्हणाली.

"तेव्हाचाच. नवीन नवीन होते मी. केबलवर लागला होता. इथवर पाहिला, ही धक्क्यावर येईपर्यंत. तेवढ्यात पाहुणे आले, मग पाणी, मग चहा, मग पानं घ्यायची होती. रात्री तुझ्या बाबांना विचारलं, पुढं काय झालं हो? म्हणाले, काय होणार? आली घरी परत."

"मग आहे की माहीत तुला!"

"माहीत आहे," आई म्हणाली. "पाहिलं नाहीये."

बाहेरून बाबांची हाक आली. हाक कसली, डरकाळीच. भिंगरीच्या डोक्यात अचानक काहीतरी लखकन पेटलं.

"आई, तुझ्या फोननंही विचारलं असेल. तिकडचं बंद करायचं का म्हणून."

"विचारलं."

"मग?"

"मी हो म्हटलं." आईनं पहिल्यांदाच मान वर केली. तिच्या डोळ्यांत भिंगरीच्या ओळखीचं असं काहीतरी होतं. आरशात पाहिलेलं, आईच्या चेहऱ्यावर कधीच नाही. "मॅच आहे म्हटल्यावर मला तासभर कुणी हाक मारणार नाही असं वाटलं होतं. हाक नाही मारलीत. नुसतंच बंद केलंत. दोनदा. आता तिसऱ्यांदा करा म्हणावं."

दोन्ही वेळा बोट भिंगरीचं होतं. आईची मान पुन्हा खाली वळली होती. बोटीचा भोंगा वाजला असावा, कारण धक्क्यावरची माणसं हलायला लागली.

भिंगरीनं दार अलगद ओढून घेतलं.

दिवाणखान्यात येताना ती स्वयंपाकघराच्या चौकटीतच थांबली. पाठ चौकटीला, एक पाय आत आणि एक बाहेर. टीव्हीवर तोच प्रश्न तसाच उभा होता.

"सापडला का चोर?" दादानं विचारलं.

"चोर नाहीये कुणी."

"मग दाब ना बाई!"

"नाही दाबणार."

खोलीत क्षणभर कुणाला कळेचना की हे आपण बरोबर ऐकलं का.

"काय म्हणालीस?" बाबा उठले.

"थोडंच राहिलंय तिकडं. तेवढं होऊ दे, मग लावते."

"अगं, इथं फायनल चाललीये!"

"तिकडंही शेवटच चाललाय."

"आण तो रिमोट इकडं."

बाबांनी हात पुढं केला. भिंगरीनं रिमोट पालथा केला, अंगठ्यानं मागचं झाकण सरकवलं आणि दोन्ही सेल काढून मुठीत घेतले. मग रिकामा रिमोट बाबांच्या तळहातावर अगदी अदबीनं ठेवला.

दादाला हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून नातीकडं नीट पाहिलं.

"उद्या वायर परत लागणार," बाबा एकेक शब्द तोडत म्हणाले. "कळतंय ना तुला? तुझी सगळी भाषणं, ते मुद्दे, ती बचत. सगळं पाण्यात."

"लागू दे." आवाज कापला, म्हणून तिनं तेच मोठ्यानं म्हटलं. "लागू दे वायर. आज मात्र बंद होणार नाही."

"पण बघतंय तरी कोण?" बाबांनी खोलीभर नजर फिरवली. दादा. आजोबा. भिंगरी. ते स्वतः. त्यांची मोजणी तिथंच संपली आणि ते आणखीच चक्रावले. "सगळे तर इथंच आहेत!"

भिंगरीची मूठ तेवढी घट्ट झाली.

शेजारी आणखी एक आरोळी उठली, मग लांबलचक हाय हाय. आजोबांनी घसा खाकरला. "ओरडून घसा सुकला. सूनबाई, पाणी आण गं जरा."

उत्तर आलं नाही.

"सूनबाई?"

या घरात त्या हाकेला उत्तर न येण्याची कुणालाच सवय नव्हती. तिघेही थोडा वेळ वाट पाहत राहिले. आतून नुसती यंत्राची घरघर येत होती. बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं, दारात उभ्या असलेल्या मुलीकडं पाहिलं, तिच्या मुठीकडं पाहिलं, आणि हळूहळू खाली बसले. सांडलेले दाणे एकेक करून वाटीत टाकायला लागले. ते काम त्यांना जमत नव्हतं, पण ते करत राहिले.

मग घरघर थांबली.

पावलं आली. भिंगरी चौकटीतून बाजूला झाली. आई आत आली. हात कोरडे, फोन हातात, हेडफोनचं बोंड अजून कानात. डोळे ओले होते की दिव्यात तसे दिसत होते, ते भिंगरीला सांगता आलं नसतं. रडल्यासारखा तिचा चेहरा मुळीच नव्हता. लांबचा प्रवास करून कुणीतरी उतरावं तसा होता.

टीव्हीवरचे शब्द विरले आणि पडदा आपोआप उजळला. सामना संपला होता. एका रंगाचे खेळाडू मैदानावर लोळत होते आणि दुसऱ्या रंगाचे एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते.

आई तिकडं पाहतही नव्हती. ती सरळ बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"ती परत नव्हती आली," आई म्हणाली.

"कोण?"

"बोटीत बसली. तो धावत आला, हाका मारल्या, सगळं झालं. तिनं ऐकलं. वळून पाहिलंसुद्धा. पण उतरली नाही."

"कोण उतरली नाही? तू कशाबद्दल बोलतेयस?"

बाबांना खरंच आठवत नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. इतकी वर्षं आईनं जपून ठेवलेला शेवट त्यांनी कधीतरी, बहुधा झोपेत कूस बदलताना, सहज देऊन टाकला होता. आईनं त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग बाबांच्या हातातला सेल नसलेला रिमोट काढून घेतला आणि सोफ्याच्या अगदी मधोमध, दादाला कोपरानं सरकवून, मांडी घालून बसली.

"सेल आण गं इकडं," ती म्हणाली.

भिंगरीनं मूठ उघडली. सेल घामानं ओले झाले होते. तिनं ते फ्रॉकला पुसले आणि आईच्या हातात दिले. खिडकीबाहेर ती काळी गुंडाळी खिळ्यावर हलत होती. उद्या ती तिथं असेल की टीव्हीमागं, हे आता भिंगरीला सांगता येत नव्हतं, आणि नवल म्हणजे त्याचं तिला फारसं काही वाटतही नव्हतं.

आईनं सेल बसवले, झाकण लावलं आणि पाठ टेकली.

"चहा टाका कुणीतरी," ती म्हणाली. "आणि आजोबांना पाणी."

दादानं आजोबांकडं पाहिलं, आजोबांनी बाबांकडं, आणि मग तिघांनीही, जुन्या सवयीनं, भिंगरीकडं.

भिंगरी आईशेजारी सोफ्याच्या हातावर बसली, पाय वर घेतले, आणि तिघांतलं आधी कोण उठतंय ते बघत राहिली.