आगीविना उकळणारं तीर्थ

मरियातुरा गावच्या किनाऱ्यावर त्या दुपारी मासळीचा लिलाव सोडून सगळं गाव जाळ्यांच्या शेडपाशी जमलं होतं. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते झापांच्या फटींना डोळे लावून उभे होते. आत चिनीमातीच्या पांढऱ्या कुंड्यात पाण्यासारखं स्वच्छ तीर्थ होतं. खाली चूल नव्हती, निखारा नव्हता, तरी ते खळखळा उकळत होतं. त्या उकळीत बेनडिक्टच्या होडीच्या इंजिनाचा कार्ब्युरेटर बुडवलेला होता. त्यातून काळंकाळं सुटत होतं आणि बाया छातीवर क्रूस काढत होत्या.

"बघा, पाप सुटतंय!" सागरस्वामी ओरडले. "सात खाड्यांचं तीर्थ आहे हे. ह्याला आग लागत नाही, ह्याला आत बसलेल्याचा ताप पुरतो!"

सागरस्वामी कोणत्या धर्माचे ते कुणाला सांगता आलं नसतं. गळ्यात क्रूस, खाली रुद्राक्ष, दंडाला ताईत. कुठल्याही गावात उपाशी राहायची वेळ येऊ नये एवढी सोय त्यांनी अंगावरच करून ठेवली होती. पाद्रीबाबांनी वेदीवरून दोनदा त्यांच्याविरुद्ध सांगितलं, त्यानं गर्दी तेवढी वाढली.

कुंड्याला अगदी लागून, चटईवर, सेलिन बसली होती. बसली होती म्हणजे बसवली होती. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा नवरा लॉरेन्स गेल्या वर्षी खाडीच्या मुखाशी होडी उलटून बुडाला. होडी धाकट्या दिराकडे, बेनडिक्टकडे आली. त्यानं नवं इंजिन घेतलं, तर ते मुखाशी पोचलं की बंद पडायला लागलं. नेमकं तिथंच. मग महिन्यापूर्वी स्वामींनी इंजिनाला कान लावला आणि सांगितलं, की आत लॉरेन्स बसलाय.

तेव्हापासून सेलिनची कोंडी झाली होती. हे खोटं आहे म्हणावं, तर नवऱ्याची सुटका नको असलेली बायको. गप्प राहावं, तर उद्या पहाटे बेनडिक्ट आणि आणखी चौघं हाच कार्ब्युरेटर लावून समुद्रात जाणार. शेजारी सासू रोसम्मा तिचा हात घट्ट धरून बसली होती. पुढं स्वामी, मागं गाव, आणि भूत पळू नये म्हणून दाराला आतून अडसर.

कुंड्यातून उठणाऱ्या वाफेनं तिचा घसा चुरचुरत होता. ही उकळी तिच्या ओळखीची होती. नववीच्या वर्गात ती दर वर्षी हेच दाखवायची, पण चिमूटभर आणि सगळ्या खिडक्या उघडून. इथं कोपऱ्यात बेनडिक्ट स्क्रू आणि प्लग ताटभर पेट्रोलमध्ये घासत होता, कारण स्वामींचं फर्मान होतं, "रॉकेल नको. शुद्धीला पेट्रोल." आणि चारी बाजूंना मेणबत्त्या जळत होत्या.

स्वामींनी एक बाटली कुंड्यावर उलटी धरली. थोड्या वेळानं ती तशीच उचलून मेणबत्तीजवळ नेली.

कुंईऽऽ, फट्!

"लॉरेन्स! माझं बाळ!" रोसम्मा हंबरडा फोडून पुढं झाली.

"रडू नको अम्मा," स्वामी म्हणाले. "अर्धा सुटला. अर्धा अजून आत आहे. जिद्दी होता का गं फार?"

नवरा आता हप्त्याहप्त्यानं सुटणार होता. सेलिनला संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण पेट्रोलचा वास जमिनीवरून तिच्या चटईपर्यंत आला होता आणि स्वामी दुसरी बाटली भरत होते. ती उठली.

"बेनडिक्ट, त्या ताटावर झाकण घाल. मेणबत्त्या विझवा सगळ्या." बेनडिक्टनं ताट झाकलं; तिनं स्वतःच मेणबत्त्या फुंकल्या आणि दाराचा अडसर काढला.

"अहो टीचर, भूत सुटेल!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"सुटू दे. आपण जळून मेलो तर पाच-पन्नास भुतं होतील, ती कोण धरणार?"

"बघा!" स्वामी कडाडले. "बघा, हिलाच तो सुटायला नकोय! त्याला बांधून ठेवणारी हीच!"

गर्दीत कुजबुज उठली. रोसम्मानं सुनेकडे असं पाहिलं, की सेलिनला क्षणभर परत खाली बसावंसं वाटलं. तिला शिव्या चालल्या असत्या, ही नजर सहन होत नव्हती.

"अम्मा, मला एकच गोष्ट करू द्या," ती म्हणाली. "नंतर तुम्ही सांगाल तिथं बसेन."

बाहेर पंगतीचा भात शिजत होता. सेलिननं भांड्यावरचं ॲल्युमिनिअमचं झाकण आणलं, स्वामींच्याच बांबूच्या चिमट्यात धरलं आणि अर्धं तीर्थात बुडवलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग झाकण फसफसलं आणि मघासारखीच खळखळ उठली.

मग मासे विकणारी एक म्हातारी दारातून म्हणाली, "अगं बाई! लॉरेन्स भात खायलाही आला होता होय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सेलिननं स्टीलचा चमचा बुडवला. तो नुसताच ओला झाला.

"भुताला स्टील चालत नाही वाटतं," म्हातारी म्हणाली.

"हा कॉस्टिक सोडा आहे," सेलिन म्हणाली. "साबण करणाऱ्यांकडे पोत्यानं मिळतो. तो ॲल्युमिनिअम खातो. खाताना तापतो, म्हणून उकळतो. त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, तो बाटलीत धरून पेटवला की किंचाळतो. काळं सुटलं ते पाप नाही. तुमचा कार्ब्युरेटरही ॲल्युमिनिअमचाच, तो विरघळतोय. स्वामी, तीर्थच आहे ना? घ्या बरं तळहातावर."

स्वामींनी दोन्ही हात मागं घेतले. आतापर्यंत त्यांनी एकदाही तीर्थाला बोट लावलं नव्हतं, हे गावाच्या आता लक्षात आलं.

बेनडिक्टनं चिमट्यानं कार्ब्युरेटर बाहेर काढला आणि बादल्या बादल्या पाण्यानं धुतला. वरून तो नव्यासारखा दिसत होता. उन्हात नेऊन त्यानं खालच्या वाटीत थोडं पेट्रोल ओतलं आणि वाटी वर धरली. बुडातून थेंब पाझरायला लागले.

"उद्या हे तापलेल्या इंजिनावर गळलं असतं," तो म्हणाला. "मुखाच्या पलीकडं. पाच जण होतो आम्ही."

पण स्वामी मुरलेले होते. "तीर्थाचं राहू दे! इंजिन मुखाशीच का बंद पडतं, ते सांग की टीचर! शाळेत शिकवतात का ते?"

सेलिनला ते खरोखरच माहीत नव्हतं. ती दिराकडे वळली. "बेनडिक्ट, मुखाशी पोचल्यावर तू काय करतोस?"

"काय करणार चेची?" वहिनीला तो, ताई म्हणावं तसं, चेचीच म्हणायचा. "देवाचं नाव घेतो."

"आणि हातानं?"

"हातानं..." त्यानं हवेतच मनगट फिरवलं. "इंधनाचा कॉक फिरवतो. गार इंजिन रॉकेल धरत नाही, म्हणून पेट्रोलवर सुरू करायचं. मुखापर्यंत ते तापतं, मग तिथं रॉकेलवर घ्यायचं. सगळेच तिथं घेतात." आणि तो घराकडे निघालाच. "म्हणजे बंद पडतं ते रॉकेलवर घेतल्यावर."

रॉकेलचं पिंप घरामागं उघड्यावर होतं. त्याच्या तोंडाला बूच म्हणून चिंधी कोंबलेली. किती पावसाळे ती तशीच होती कोण जाणे. बेनडिक्टनं नळी थेट तळापर्यंत घालून काचेची बाटली भरली आणि सगळ्यांसमोर धरली. क्षणात बाटलीत दोन थर झाले. वर रॉकेल, खाली चार बोटं पाणी.

एवढ्यात कुणीतरी मागं वळून पाहिलं, तर स्वामी गेले होते. कुंडं मात्र शेडमध्येच होतं, अजून कोमट.

"आता इंजिन साफ कसं करायचं?" एकानं विचारलं.

"आमचा बाप करायचा तसं," बेनडिक्ट म्हणाला. "मोकळ्या हवेत, विडीबिडी लांब. वाटीभर चांगलं रॉकेल आणि मऊ ब्रश. भोकांत तार घालायची नाही, हवा मारायची. काय गरज होती मला दुसरं काही शोधायची?"

"हातमोजेही घाल," सेलिन म्हणाली. "आणि नवं कुठलं औषध आणलंस तर आधी विचार, ते कोणत्या धातूला चालतं. लेबल नसलेलं काही घरातच आणू नका."

रोसम्मा बाटलीकडे बघत होती. महिनाभर ती रोज संध्याकाळी इंजिनापाशी बसून मुलाशी बोलायची, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"म्हणजे तो इंजिनात नाहीये?"

"नाही, अम्मा."

"गेल्या वर्षीपण हेच पिंप होतं." तिनं धाकट्या मुलाकडे पाहिलं. "तू होतास ना रे होडीत?"

बेनडिक्टनं मान वर केली नाही. "दादानं कॉक फिरवला आणि इंजिन बंद पडलं. तेवढ्यात लाट आली. आम्ही म्हटलं, खाडीनं नेला."

"मग तेव्हाच कुणी पिंप उघडून बघितलं असतं तर?"

सेलिनला खोटं बोलता आलं असतं. सासूसाठी बोलावंसंही वाटलं. पण खोट्याच्या कोंडीत ती महिनाभर राहिली होती.

"खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही, अम्मा," ती म्हणाली. "पण बहुतेक तो घरी आला असता."

रोसम्मा मोठ्यानं रडली. वर्षभरात पहिल्यांदाच ती गेलेल्या माणसासाठी रडावं तशी रडली, आणि सेलिन तिला धरून स्वतःही रडली.

भूत मानलं की फार सोपं होतं. कुणाची चूक उरत नाही, कुणाला पिंप धुवावं लागत नाही आणि दुःखाला बसायला एक जागा मिळते. स्वामींचं फावतं ते ह्याच्यामुळंच, त्यांच्या हुशारीमुळं नव्हे. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा, की हे कशानं होतंय, दुसऱ्या वस्तूवर करून दाखवाल का. उत्तर कडू निघेल, कधी छातीत रुतेल. तरी विचारा, कारण आपण विचारलं नाही तर त्याच ठिकाणी दुसऱ्या कुणाचा तरी लॉरेन्स बुडेल.