‘टिटवी’ला धरून ठेवणारा नांगर

मित्रांनो, मी एक जुना नांगर आहे. शेतातला नव्हे, समुद्रातला. ‘टिटवी’ नावाच्या छोट्या शिडाच्या यॉटच्या पुढच्या टोकाला मी असतो. यॉट चालते तेव्हा सगळे शिडाकडे पाहतात. ती थांबते तेव्हा सगळी मदार माझ्यावर असते, आणि नेमका तेव्हाच मी पाण्याखाली असल्याने कुणाला दिसत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. मला माझं काम येतं.

माझा जन्म उरणजवळच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. तापलेल्या पोलादाला आकार देऊन मला घडवलं आणि मग वितळलेल्या जस्तात बुडवलं. गंजायची पाळी आधी जस्तावर यावी, पोलादावर नंतर, असा त्यामागचा हिशेब. लोकांना वाटतं, मी जड आहे म्हणून यॉट हलत नाही. पण यॉट माझ्याहून कितीतरी जड असते. माझी ताकद वजनात नाही, कोनात आहे. साखळी भरपूर सोडली की ती तळावर आडवी पडते, ओढ आडवी येते आणि माझा फाळ चिखलात खोल शिरतो. साखळी आखूड ठेवली की ओढ वरच्या बाजूला लागते आणि मी उपटला जातो.

कित्येक वर्षं मी ‘टिटवी’ला वाऱ्यात धरून ठेवलं. मग पहिल्या मालकाने चकचकीत स्टीलचा नवा नांगर आणला. मी ओल्या दोरखंडांखाली एका पेटीत पडलो. जस्त झिजलं, अंगावर तांबडे पापुद्रे आले. ते दिवस फार लांबले.

पुढे पूनमताईंनी ‘टिटवी’ विकत घेतली. नवा नांगर जुन्या मालकाने स्वतःकडे ठेवून घेतला होता. ताईंनी मला बाहेर काढलं, तारेच्या ब्रशने घासलं आणि म्हणाल्या, “दयाराम, याचा फाळ बघ, अजून सरळ आहे. हाच चालेल.”

दयाराम त्यांचा मदतनीस. आतल्या गावातला, भातशेती करणाऱ्या घरातला. तो हसून म्हणाला, “ताई, आमच्याकडं नांगर ओढला की चालतो. तुमचा ओढला की बसतो. उलटंच हाय सगळं!”

या हिवाळ्यात आम्ही रेवदंड्याजवळच्या एका खाडीत आलो. खाडीच्या तोंडाशी, काठावर जुन्या बंदराची पडकी भिंत आहे. तिचे घडीव दगड अर्धे पाण्यात उतरलेत. कधीकाळी तिथे दूरदेशीची गलबतं लागत. ती भिंत जवळून पाहायची ताईंना फार इच्छा होती. पण ते दगड निखळू नयेत म्हणून त्यांनी मला भिंतीपासून लांब, स्वच्छ चिखलात सोडलं. मी कुठे अडकलोच, तर मागून ओढून सोडवता यावं म्हणून माझ्या डोक्याला एक दोरी बांधली होती. तिच्या दुसऱ्या टोकाला दयारामने तेलाचा रिकामा डबा लावला. तो वर तरंगत राहिला.

इथेच घोटाळा झाला. या किनाऱ्यावर तरंगणारा डबा म्हणजे कुणाचं तरी जाळं. आणि सुटून वाहत आलेलं जाळं दिसलं, की ते उचलून ज्याचं त्याला नेऊन द्यायचं, अशी कोळ्यांची रीत.

ओहोटी लागली होती. सदा नावाचा कोळी आणि त्याची बायको केसर होडीतून घरी निघाले होते.

“कुणाचं जाळं सुटलंय गं?” म्हणत सदाने डबा धरला आणि दोरी जोरात ओढली.

“घ्या! सगळ्या दर्याचे राखणदार तुम्हीच,” केसर म्हणाली.

दोरी मागून ओढली गेली आणि मी अलगद चिखलातून निघालो. ‘टिटवी’ मोकळी झाली. ओहोटीने तिला सरळ त्या भिंतीकडे नेलं. तिचं अंग पातळ आहे. एका घडीव दगडावर आपटली असती तरी फुटली असती.

“ओ मामा, सोडा, सोडा! जाळं न्हाय, नांगर हाय तो आमचा!” दयाराम ओरडला.

सदाने दचकून दोरी सोडली. मी पुन्हा तळाला गेलो, पण नुसता घसरत राहिलो. दयाराम इंजिनाकडे धावला.

“इंजिन नको!” ताई म्हणाल्या. “दोरी पंख्यात गुंतेल. साखळी सांभाळ!”

त्याने बैलाचा कासरा आवळावा तशी साखळी दोन्ही हातांनी आवळून धरली. मी वर उचलला गेलो.

“ओढू नकोस, सोड! सगळी सोड!”

“ताई, सोडली तर आपटू आपण!”

“सोड म्हणते ना!”

दयारामने डोळे मिटून हात सैल केले. साखळी खडखडत तळावर पसरली. ओढ आडवी आली. माझा फाळ चिखलात शिरला, आणखी खोल शिरला. मित्रांनो, माझ्या मनात शंका नव्हती. मी धरलं. ‘टिटवी’ एक हिसका खाऊन वळली आणि भिंतीच्या अलीकडे थांबली. पाण्यातल्या एकाही दगडावरचं शेवाळसुद्धा खरवडलं गेलं नाही.

सदा होडी जवळ घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता. “ताई, चूक झाली. आम्हाला वाटलं जाळं.”

“तुम्ही रीत पाळलीत. खूण करायचं आमच्याकडून राहिलं,” ताई म्हणाल्या.

“आता मोठ्या अक्षरांत लिवा,” केसर म्हणाली, “न्हायतर हे उद्या पुन्हा येतील जाळं वाचवायला.”

सगळे हसले. त्याच संध्याकाळी धक्क्याला लागल्यावर ताईंनी डब्यावर लाल रंगाने ‘नांगर’ असं लिहिलं आणि दयारामने मला गोड्या पाण्याने धुतलं.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी बोट चालवेल. तेव्हा मला दगडांत टाकू नका, चिखलात टाका. साखळीची कंजुषी करू नका. काम झालं की मला धुऊन पुसून ठेवा. तुमची बोट मी धरेन, तो माझा शब्द आहे. पण त्या जुन्या भिंतीला स्वतःला वाचवायला हात नाहीत. तिला तुम्हीच सांभाळायचं आहे.