आठवीच्या छतातली वटवाघळं

आमच्या हायस्कुलाचं दप्तर आणि किल्ल्या माझ्याकडे. जुडग्यात एकूण सतरा किल्ल्या. त्यांतल्या सहा रोज लागतात. उरलेल्या अकरांची कुलपंच गेली, पण नोंद आहे म्हणून सांभाळायच्या. शाळा समितीतल्या माणसांचं प्रमाणही साधारण हेच पडतं.

आठवीच्या वर्गात भिंत आणि कौलं यांच्या फटीत लहान वटवाघळं राहतात. खाली लेंड्या पडतात. सोमवारी तालुक्याहून, बोथहून, शाळा तपासायला अधिकारी येणार म्हणून समितीचे अध्यक्ष चंपतराव यांनी फट सिमेंटनं बुजवायचं ठरवलं आणि माणिकराव गवंड्याला रविवार दिला. विज्ञानाच्या प्रतिभा मॅडम आडव्या आल्या.

"काका, आत पिल्लं आहेत. त्यांना अजून उडता येत नाही. जिवंत गाडली जातील."

"मॅडम, तुमाले पोरं शिकवाची नोकरी हाये का वटवाघळं पोसाची?"

"ती तुमच्याच तुरीवरचे पतंग खातात. पतंग कमी झाले की शेंगेतली अळी कमी."

"खाते त मले दिसत काऊन नाई?"

"तुम्हाला ऐकूही येत नाही. पतंगांना येतं. त्यांना कान असतात."

"पतंगाले कान!" चंपतराव इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "दाखवा बरं मंग."

शनिवारी दिवेलागणीला मॅडमनी व्हरांड्यातला मोठा बल्ब लावला. समितीचे नऊ जण आले. चार एकर तूर असलेली बयनाबाई कुणी न बोलावता आली आणि सगळ्यांत पुढे बसली. बल्बभोवती तीसेक पतंग जमले.

"काका, आधी तुम्ही ओरडा," मॅडम म्हणाल्या.

चंपतरावांचा आवाज नाल्यापलीकडे जातो. ते पोटातून ओरडले. एक पतंग हलला नाही.

"तुमचं न आयकनारं गावात कोनी हाये म्हना," बयनाबाई म्हणाली.

मग मॅडमनी माझ्या हातातला जुडगा घेऊन खळखळवला. कित्येक पतंगांनी पंख मिटले आणि ते टपाटप खाली पडले. दोन तर चंपतरावांच्या टोपीवर. बाकीचे अंधारात पळाले. थोड्या वेळानं पुन्हा जमले, पुन्हा पडले. तीन वेळा झालं. मी हजेरीपटामागे आकडे मांडले: चौदा, अकरा, सोळा.

मॅडमचा चेहरा फुलला. "लोखंड वाजतं तेव्हा आपल्याला ऐकू येतो त्याहून बारीक आवाजही निघतो. वटवाघूळ तसाच आवाज काढत शिकार शोधतं. पतंगाच्या छातीशी कान असतात. तो आवाज आला की पंख मिटून खाली पडायचं, एवढं त्याला कळतं. वटवाघळाची भीती त्याच्या अंगात किती मुरलीये, बघा!"

चंपतरावांनी टोपी झटकली. मला वाटलं, मॅडम जिंकल्या. चौतीस वर्षं दप्तर सांभाळून मला असं वाटायला नको होतं.

"म्हंजे," चंपतराव म्हणाले, "हे सारं किल्लीनं होते."

"किल्लीनं नाही हो, वटवाघळाच्या भीतीनं!"

"भीती कोनाची का असंना. किल्लीनं भागते त ते घाण काऊन ठेवाची?"

"किल्ली पतंग खात नाही, काका! इथून उडालेला पतंग शेजारच्या शेतात जाऊन अंडी घालेल."

हे बोलायला नको होतं. चंपतरावांच्या शेजारचं शेत त्यांच्या चुलतभावाचं. "मंग त लयच चांगलं," ते म्हणाले.

"पन रातभर किल्ल्या हलवाले कोन जाईन?" बयनाबाईनं विचारलं.

"झाडाले बांधाची. वारा हाये ना!"

फट बुजवायला सात हात वर झाले. मग चंपतराव माझ्याकडे वळले. "अमृतराव, ते बेकामाच्या अकरा किल्ल्या वाटून टाका. लिवा, प्रयोगासाठी दिल्या."

मी हजेरीपटामागे लिहीपर्यंत लोकांनी जुडगा हातोहात फिरवून कडी उघडलीसुद्धा. प्रत्येकानं किल्ली वाजवून पाहिली. गंजकी वाजत नाही. घासून चकचकीत झालेली खणखणते. जुडगा परत आला तेव्हा बेकामाच्या अकराच्या अकरा शिल्लक होत्या.

रविवारी सकाळी माणिकराव आला. सिमेंट आणि शिडी कोठीखोलीत. कोठीची किल्ली नेली होती खुद्द चंपतरावांनी. तुरीच्या झाडाला सुतळीनं बांधलेली ती सुतळीसकट गळून पडली होती. माणिकराव आणि चंपतराव दुपारपर्यंत तुरीत वाकून फिरले. बाकी पाच किल्ल्या मी शेतोशेती फिरून सोडवून आणल्या.

"कुलूप तोडू?" माणिकरावानं विचारलं.

"सरकारी हाये. ठराव लागते," मी म्हणालो. "अन् ठरावाचं पुस्तक कोठीतच हाये."

माणिकराव थैली उचलून गेला. मॅडमनी घरून पत्रा आणून बाकांवर उभं राहून लेंड्या अडवायला फटीखाली बांधला. सोमवारी अधिकारी आले, अकरा मिनिटं थांबले, सही करून गेले. छताकडे त्यांनी मान वर केली नाही.

आठवड्यानं चंपतराव स्वतःच शाळेत आले, खुशीत.

"मॅडम, तुमची किल्ली नामी निघाली! तुरीवर पतंग दिसूनच नाई राह्यले."

मॅडम ताडकन उठल्या. "काका, किल्ली तर मातीत पडलीये! ती वाजेल कशी? वटवाघळं अजून छतात आहेत म्हणून..."

"तेच त! पडल्या पडल्या काम करून राह्यली. मी आता ते शोधत नाई, कोनाले शोधूबी देत नाई. अमृतराव, कोठीले हात लावू नका."

मॅडमनी पुन्हा तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्यांच्या खुर्चीला पाय लावला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर आठवीच्या वर्गाकडे, पत्र्याकडे. पिल्लांना उडायला अजून आठ दिवस होते. कोठी उघडली असती तर सिमेंट निघालं असतं.

"हो काका," त्या दात आवळून म्हणाल्या. "किल्लीच."

"मी म्हनलंच होतं!" चंपतराव पोटातून ओरडले आणि चहा सांगायला निघाले.

मॅडम खाली बसल्या. हातातल्या खडूचे त्यांनी चार तुकडे केले.