फायरप्लेस बुजवताना

नकुलच्या पत्राला श्रीरंगरावांनी अजून उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र आलं मार्चमध्ये, आता जून संपत आला होता. सांता क्लाराला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदाच मराठीत पत्र लिहिलं होतं. लहानपणी रविवारच्या मराठी शाळेत गिरवलेलं अक्षर, एकेक ओळ उताराला लागलेली. ‘बाबा, घर विका. इकडे या. मला भीती वाटते.’ फोनवर तो हेच इंग्रजीत सांगे, तेव्हा ‘बघू’ म्हणून सुटका होई. या कागदाला ‘बघू’ म्हणता येईना.

शिवाय तो खोटं कुठे लिहीत होता? फेब्रुवारीत बायकोच्या, पद्मिनीच्या वर्षश्राद्धाला त्यांनी वडे तळले. अमेरिकेतल्या त्यांच्या ट्रॉय गावात ओळखीच्या सगळ्याच मराठी घरांत तळणीच्या दिवशी आधी धूर आणि विषारी वायू ओळखणाऱ्या अलार्मची बॅटरी काढत. ती परत बसवायची आठवण पद्मिनी करून द्यायची. या खेपेस श्राद्धच तिचं होतं. दोन दिवसांनी ते दिवाणखान्यात गॅसच्या शेकोटीपुढे वाचत बसले. धुराडं तुंबलेलं, विषारी वायू खोलीतच साठत गेला. डोकं जड झालं, तेव्हा त्यांना वाटलं पुस्तकच जड आहे. शेजारची सुचित्रा डबा द्यायला आली म्हणून वाचले.

“काका, फायरप्लेस काढायचं फायनल ना?” आज तीच दारात उभी राहून विचारत होती. “कॉन्ट्रॅक्टर मी शोधला. नकुल माझ्यावर चिडणार, यार.”

“फायनल,” श्रीरंगराव म्हणाले. मग लगेच, “म्हणजे, तुला काय वाटतं?”

“मला वाटतं, आधी त्याला आत घ्या. बाहेर उन्हात उभाय बिचारा.”

वॉल्टर नावाचा तो दांडगा गृहस्थ आत आला. त्याने गॅस बंद केला, नळी सोडवली, तिच्या तोंडावर टोपण घट्ट बसवलं आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. मग चिनीमातीचे खोटे ओंडके एकेक बाहेर काढायला लागला. तेवढ्यात फोन वाजला.

“बाबा, सुचित्राचा मेसेज आला. आर यू सीरियस? फायरप्लेस नसेल तर बायर घर बघायलापण येत नाहीत. स्टॉप हिम, प्लीज!”

श्रीरंगरावांची जन्मभराची नोकरी एका मोटार कंपनीच्या ग्रंथालयात झाली. ‘हळू बोला’ सांगतानासुद्धा ते आधी ‘सॉरी’ म्हणत. आत्ताही त्यांनी वॉल्टरला थांबायची खूण केली. मुलगा शिकलेला, आपण असे विसराळू. त्याचंच बरोबर असेल.

वॉल्टर थांबला, पण ओढलेला बर्नर त्याच्या हातात होता. त्यामागून काहीतरी खणखणत फरशीवर आलं. त्याने ते उचलून पुढे केलं. “हे तुमचं?”

निरांजन. काजळून कोळशासारखं झालेलं.

दरवर्षी पद्मिनी या शेकोटीपुढेच गणपतीचं मखर मांडायची. एका वर्षी विसर्जनाच्या आरतीनंतर निरांजन सापडेना. “तुम्हीच ठेवलं असणार कुठल्यातरी पुस्तकामागे,” ती म्हणाली आणि पुढे दर गणपतीला म्हणत राहिली. श्रीरंगरावांनी सगळी कपाटं उपसली. हळूहळू त्यांनाही ते खरंच वाटायला लागलं.

“मी नव्हतं हरवलं,” ते म्हणाले. हे ज्या माणसाला ऐकवायचं, ते आता घरात नव्हतं.

“बाबा? यू देअर?”

“आहे. नकुल, घर विकायचं नाहीये. मग बायरला काय आवडतं ते मी कशाला बघू?”

“पण तुम्ही विसरता, बाबा. यू ऑलमोस्ट डाइड!”

“हो, बॅटरी मीच विसरलो. पण निरांजन मी हरवलं नव्हतं. दोन्ही खरं आहे.” त्यांचा आवाज इतका चढला की सुचित्रा स्वयंपाकघरातून डोकावली. “जिच्यामुळे तुला भीती वाटते ती वस्तू या घरातून निघेल. मी नाही निघणार.”

पलीकडे नकुलचा आवाज खाली आला. “यू नेव्हर आन्सर्ड माय लेटर.”

“उद्या टाकतो.” त्यांनी फोन ठेवला आणि वॉल्टरला म्हणाले, “काढा सगळं.” सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.

संध्याकाळपर्यंत धुराड्याला वरून झाकण बसलं, खाली फळ्या ठोकून, वर गिलावा देऊन पोकळी बुजली. भिंतीत एक ओला, करडा चौकोन उरला. “अलार्मची वायर मी भिंतीतूनच घेतली, आता तो बॅटरीवर अवलंबून नाही,” जाताना वॉल्टर म्हणाला.

“काका, आता तळण माझ्या बॅकयार्डात,” सुचित्राने बजावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिंचेच्या कोळाने निरांजन घासलं आणि मग लिहायला बसले. चार कागद फाडले. पाचवा ठेवला.

‘चि. नकुल, अ. आ. शेकोटी काढली, जागा बुजवली. मी इथेच राहणार. तुला भीती वाटते हे तू लिहिलंस, बरं केलंस. मलाही वाटते. गणपतीला ये. मखर नव्या भिंतीपुढे करू. आईचं निरांजन सापडलं आहे. – बाबा.’

पत्र घरापुढच्या टपालपेटीत ठेवून त्यांनी, न्यायचं टपाल आहे हे कळावं म्हणून, तिचं लाल निशाण वर केलं. एरवी ते परत जाऊन पाकीट काढून घेत, एक शब्द बदलत. आज तिथेच उभे राहिले. टपालगाडी आली, गाडीतल्या बाईने पाकीट घेतलं, निशाण पाडलं, गाडी कोपऱ्यावर वळली. बोटांना अजून चिंचेचा आंबट वास होता.